बाळ कोणावर गेलंय? तुमच्या घरातले अनुभव सांगा

बारशाला पाळण्यात वाकणारी पहिली बाई हाच प्रश्न विचारते. मग कोणी नाक आजोबांना देतं, कोणी जिवणी आत्याला. 23 गुणसूत्रं आईकडून, 23 वडिलांकडून, पण ती प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने पिसली जातात. म्हणून सख्ख्या भावंडांचा वारसाही सरासरी निम्माच जुळतो आणि एखादा तोंडावळा मधली पिढी गाळून नातवंडात उमटतो. तुमच्याकडे काय उमटलंय?

रत्नागिरीकर: आम्ही दोघं काळ्याभोर डोळ्यांचे, लेक घारी. नातेवाइकांची कुजबुज माझ्या बायकोने फार सोसली, त्याचा राग अजून आहे. माझी आजी आणि तिचे वडील, दोघंही घारे होते. डोळ्यांच्या रंगात 15व्या गुणसूत्रावरच्या ओसीए2 आणि हर्क2 या जनुकांचा मोठा वाटा असतो. फिक्या रंगाचा वारसा गडद डोळ्यांमागे पिढ्यान्‌पिढ्या दडून राहू शकतो. आता कोणी विचारलं की आजीचा फोटोच दाखवतो.

धाकटी: फोनवर माझा 'हॅलो' ऐकून मावशी अजूनही आईशीच बोलायला लागते!

सांगलीचा नातू: शाळेत डोळे तपासताना ठिपक्यांमधला आकडा मला दिसेना. आई म्हणाली, "बाबांनाही झाडावरच्या पिकल्या मिरच्या पानांत सापडायच्या नाहीत." बाबा म्हणजे माझे आजोबा. लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आजोबांचं एकमेव एक्स प्रत्येक मुलीकडे जाणारच, म्हणून आई वाहक. तिचं दुसरं एक्स निर्दोष असल्याने तिला रंग नीट दिसतात. मामांना मात्र वडिलांकडून वाय मिळालं, ते सुटले. माझ्या वाट्याला आजोबांचं एक्स येण्याची शक्यता निम्मी होती, ते आलं. आजोबा मी जन्मायच्या आधीच गेले. त्यांना मिरच्यांचं झाड कसं दिसायचं हे घरात मला एकट्यालाच ठाऊक आहे आणि याचा मला खरोखर आनंद वाटतो.

दोघींची आई: माझी थोरली दत्तक आहे. माहीत नसलेले लोक म्हणतात, "ही अगदी आईवर गेलीय." हसताना तोंडावर हात नेणं, बोलताना भुवया उडवणं तिने माझंच उचललंय. धाकटी पोटची, पण ती सगळी सासूबाईंवर. मला दोन्ही साम्यं सारखीच प्रिय आहेत.

गडचिरोलीहून: आमचा मुलगा बापाचीच छबी, याचं घरात केवढं कौतुक! रक्तातून आणखी काय येतं, हे कोणी विचारलंच नाही. मुलीचे सांधे सारखे दुखायला लागले, तेव्हा तपासणीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. आम्ही दोघंही वाहक, दोघंही ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. आता भाच्याचं लग्न ठरतंय. पत्रिका नंतर पाहू, आधी दोघांची इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे वाहक ओळखणारी रक्ताची तपासणी, करून घ्या, असं मी ताईला निक्षून सांगितलंय.