मदत हवी आहे: वहिनीला चौथा महिना आणि झिकाची शंका

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. परवापासून वहिनीला बारीक ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल. डेंगी निगेटिव्ह आला, म्हणून डॉक्टरांनी झिकाची (डासांमुळे पसरणारा विषाणू) तपासणी सुचवली. २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला आणि २०२४ मध्ये एरंडवण्यात रुग्ण सापडले होते, तेव्हा आम्ही बातमी वाचून सोडून दिली होती. एरवी आठवड्यात बरा होणारा आजार, बहुतेकांना तर कळतही नाही. पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, म्हणून घरात कुणाला झोप नाही.

नमुना एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) जाईल म्हणे. कुणाच्या घरी हे झालंय का? रिपोर्टला किती दिवस लागले? रक्त आणि लघवी दोन्ही घेतली होती का? पुढे सोनोग्राफी किती दिवसांनी करायला सांगितली?

हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो, हे आम्हाला नवीनच. दादालाही सांगावं लागलं (ते काम माझ्याकडे आलं!).

आईने कुंड्यांखालच्या ताटल्या कालच पालथ्या घातल्या. पण हा डास दिवसा चावतो आणि शेजारच्या बांधकामावर पाणी साचलंय. तक्रार नेमकी कुठे केली की माणूस येतो?