मार्गळीत चार दिवस: मोठी नावं सोडा, दुपारी ऐका

खर्जातला
डिसेंबर जवळ आला की कोणीतरी विचारतंच: चेन्नईला चार दिवस चाललोय, मार्गळीच्या (डिसेंबर-जानेवारीतल्या कर्नाटक संगीताच्या) मोसमात कोणाला ऐकू? उत्तरंही ठरलेली. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री, अभिषेक रघुराम. माझं मत उलटं आहे. संध्याकाळ सोडा, दुपारी बारा ते चार ऐका.

सवाईला एकच मांडव. बैठक मारली की जो येईल तो आपला. चेन्नईत मैलापूर, टी. नगर, टीटीके रोड मिळून डझनावारी सभा (मैफली भरवणाऱ्या संस्था) एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे निवड करावीच लागते. (मैफलीला तिथे कच्चेरी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सातबाराच आठवला.) दुपारच्या कच्चेरीला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, गाणारे-वाजवणारे विशी-तिशीतले. नावाजलेला गायक संध्याकाळी लोकांना हवं तेच देतो. दुपारची मुलं जिवावर उदार होऊन गातात.

मागच्या खेपेला एका सभेत वीसेक माणसं होती. वीणेवर खरहरप्रिया राग झाला आणि तनी आवर्तनम्, म्हणजे मृदंग-घटम्‌ची जुगलबंदी, सुरू झाली. निम्मे लोक कँटीनकडे सुटले. शेजारचे आजोबा मात्र हलले नाहीत. मी बावळटासारखा बघतोय हे पाहून त्यांनी माझा तळवा मांडीवर ठेवला: थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग थाप-पालथा, थाप-पालथा. आठ झाले, आदिताल. तनी संपेपर्यंत मी चुकत होतो आणि ते न बोलता माझं बोट बदलत होते.

वारीवाली
सपशेल असहमत. नवख्या माणसाला दुपारी दोन वाजता, वर पोटात सांबारभात, अनोळखी मुलाचा तासभराचा राग ऐकवणार? झोपेल तो. मी आईला रंजनी-गायत्रींना नेलं होतं. दोघी मुंबईत वाढलेल्या, आधी व्हायोलिन वाजवायच्या. दोन तास आई शाल सावरत, घड्याळ बघत बसली. शेवटी अभंग सुरू झाला आणि ती ताठ झाली. आजूबाजूचे तमिळ लोक विठ्ठलाच्या नावावर टाळ्या धरताहेत हे बघून तिचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी मी न सांगता तीच म्हणाली, आज कुठे जायचं?

खर्जातला
अभंगच ऐकायचा तर चेन्नईपर्यंत कशाला? शेवटच्या दहा मिनिटांसाठी तिकीट?

वारीवाली
तनी सोडून कॉफीला गेलेल्यांना तुम्ही नावं ठेवता, अभंगासाठी थांबलेल्यांनाही ठेवता. मग हॉलमध्ये बसायचं कोणी?

तंजावरचा जावई
तुम्हा दोघांच्या यादीत हरिकथा नाही याचं नवल वाटतं. आपले कीर्तनकार भोसल्यांच्या तंजावरात गेले, तिथल्या भागवतरांनी (कथा गाऊन सांगणाऱ्यांनी) १९ व्या शतकात ते उचललं आणि हरिकथा आजच्या रूपाला आली. साकी, दिंडी, ओवी अजून टिकून आहे. हरिकथाकार विशाखा हरी यांचा कार्यक्रम असेल तर बाकी सगळं रद्द करा. तमिळ येत नसलं तरी दिंडीची चाल कानाला लगेच ओळखू येते. सासऱ्यांशेजारी बसून मी एकदा नकळत गुणगुणलो होतो. तेव्हापासून घरात माझा भाव वाढलाय.

अड्यारकर
पंधरा वर्षं चेन्नईत राहतोय, म्हणून जरा कडू बोलतो. दुपारचं गाणं फुकट नसतं, फक्त ऐकणाऱ्याला फुकट असतं. दुपारी गाणाऱ्या मुलीला मिळणाऱ्या मानधनात साथीदारांचा रिक्षाखर्चही सुटेलच असं नाही. स्लॉटसाठी उलट पैसे मोजावे लागतात, हेही इथे दबक्या आवाजात नाही, उघड बोललं जातं. गायक टी. एम. कृष्णांनी २०१५ मध्ये या मोसमात गाणं थांबवलं तेव्हा सभांच्या कारभारावर बरीच चर्चा झाली. पुढे २०२४ ला त्यांनाच म्युझिक अकॅडमीचा संगीत कलानिधी हा मोठा सन्मान मिळाला, त्यावर वेगळं रण माजलं. तर दुपारच्या गाण्याचं कौतुक जरा जपून.

आणखी एक. एका दिवसात शहराचे दोन भाग गाठू नका. मैलापूर म्हणजे मैलापूर: रसिक रंजनी सभा, फाइन आर्ट्स क्लब, भारतीय विद्या भवन, सगळं पायी. टी. नगरला कृष्ण गान सभा आणि वाणी महाल दुसऱ्या दिवशी. मध्ये रिक्षा केलीत की वर्णम्, म्हणजे कच्चेरीची सुरुवातीची रचना, हुकलाच. आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘भैरवी’ दिसली म्हणून आपली भैरवी समजून हुरळून जाऊ नका, राग वेगळा. तोडीचंही तसंच. मोहनम् मात्र बिनधास्त ऐका, आपला भूपच.

खर्जातला
पैशाचं बोलणं लागलं, खरं आहे. मग असं करू, दुपारी ज्या सभेत बसलो तिचंच संध्याकाळचं तिकीट काढायचं.

अड्यारकर
ते पैसे संध्याकाळच्यालाच जातात हो. दुपारच्या मुलीला भेटा, नाव विचारा, आणि तुमच्या गावच्या संगीत मंडळाला सांगून तिला एकदा बोलवा. भाडं धरून.

वारीवाली
हे पटलं. पण आईला मी संध्याकाळीच नेणार.

नवखा_नागपूर
मूळ प्रश्न माझाच होता. २६ ला पोचतोय, आईसोबत. हरिकथा नक्की, एक दुपार नक्की, अभंगासाठी एक संध्याकाळ. पहाटे कपालीश्वराच्या देवळाभोवती भजनं निघतात असं वाचलंय. पण आईचे गुडघे साथ देत नाहीत, तेवढं चालणं व्हायचं नाही.

अड्यारकर
चालायचं कशाला? रचनाकार पापनाशम शिवन पूर्वी देवळाभोवतीच्या या रस्त्यांवरून (इथे त्यांना माड म्हणतात) भजनं म्हणत फिरायचे, मंडळी अजून फिरतात. काकूंना घेऊन देवळाजवळच्या कोपऱ्यावर थांबा. आणि शाल असू द्या. चेन्नईत थंडी नसते म्हणतात, पण पहाटे मैलापुरात निम्मे आजोबा माकडटोपीत दिसतील.