थाळी नको, सुटं मागवा

मालवणी हॉटेलात बारा जणांचा ग्रुप गेला तर सरसकट थाळीच घ्यावी, असं इथे कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटत. गेल्या महिन्यात आमचा खादाडी ग्रुप दादरला एका छोट्या मालवणी हॉटेलात बसला होता, दोन टेबलं जोडून. थाळ्या सांगितल्या, तर प्रत्येकापुढे तीच सुरमईची तुकडी! शेवटी तिसऱ्यांचं (म्हणजे शिंपल्यांचं) सुकं आणि बोंबील फ्राय सुटं मागवलं, तेव्हा कुठे मजा आली. बोंबील मात्र दोन-दोन प्लेट करूनच सांगा. त्यात मुळात पाणी फार, कितीही दाबून काढलं तरी गार झाला की मऊ पडतोच. सोलकढी आधीच सांगून ठेवा, आमच्यातले चौघं कोरडेच उठले. बिलात बहुतेक ठिकाणी ५ टक्के जीएसटी असतो, सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो. (जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा ताजी सुरमई विसरा.)