पळण्यामुळे सायकल चालवणं बिघडतंय का? मदत हवी आहे

घाटवेडा: पुढच्या रविवारी ब्रेव्हे (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) आहे आणि पायात जोरच राहिलेला नाही. ग्रुपमधला एकजण म्हणाला पळायला लाग, दम वाढेल. लागलो. काल कात्रजचा जुना घाट चढताना बोगद्याच्या बऱ्याच अलीकडे मांड्या भरून आल्या. पळणं चालू ठेवू की बंद करू? लवकर सांगा.

सिंहगडकर: ब्रेव्हे कितीची? पळताय कधीपासून, कुठे, किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगायचं कशावरून?

घाटवेडा: ३०० किलोमीटरची. हल्लीच सुरू केलंय, तळजाईच्या टेकडीवर, एक दिवसाआड.

पळता_आजोबा: अजिबात बंद करू नका! नुसती सायकल चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी राहते. सगळं वजन सीटवर, हाडाला दणका बसतच नाही. आणि कॅनडाचा सायकलपटू मायकेल वुड्स बघा, चार मिनिटांच्या आत मैल पळणारा माणूस, २०१८ मध्ये इन्सब्रुकला जागतिक रोड रेसचं कांस्य घेऊन गेला.

सिंहगडकर: काका, वुड्स पायाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे (सततच्या ताणाने हाडाला जाणारा बारीक तडा) पळणं सोडून सायकलकडे आला. हाडांचं पटतं, पण ते वर्षभर करायचं काम आहे, ब्रेव्हेच्या तोंडावर नाही.

चेनवाला: टायर कुठले आहेत? २३ मिमी रुंदीचे असतील तर २८ चे टाका, हवा थोडी कमी ठेवा. अंग कमी हादरतं, थकवा कमी येतो.

सिंहगडकर: टायरचं कोणी विचारलंय?

फिजिओताई: दुखतं नक्की कुठे? नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत खाली या. एकाच ठिकाणी कळ येते का? येत असेल तर पळणं आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घाटवेडा: नडगी ठीक आहे. गुडघ्याच्या वर, मांडीला पुढून. जिना उतरताना जास्त. टेकडी उतरताना मी जोरात सोडतो, तेवढाच वेळ भरून निघतो.

फिजिओताई: मग कारण तेच. पेडल मारताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर पळताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराला ब्रेक लावतो. सायकलवर ही सवय लागतच नाही. तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं. तुम्ही नेमके त्याच दिवशी पुन्हा पळताय. सायकलने तुमचा दम आधीच तयार आहे, म्हणून धाप लागत नाही आणि पाय मागे राहिलेत हे कळत नाही. ब्रेव्हेपर्यंत पळणं बंद. रोज थोडी हलक्या गिअरवर सायकल, बास.

पळता_आजोबा: आणि नंतर?

फिजिओताई: नंतर जरूर पळा. सपाट मातीवर, दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. घाट चढायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी नाही. उतार महिनाभर तरी चालतच उतरा.

पळता_आजोबा: हे मान्य. तळजाईला आतल्या बाजूला सपाट वाट आहे. ब्रेव्हे झाली की या, दाखवतो.

सिंहगडकर: ३०० ला वीस तास असतात. मांडी भरली तर चढ चालत काढा, वेळ पुरतो.

घाटवेडा: बरं, आजपासून बंद. चेनवाला, २५ चे आहेत. रिम ब्रेकच्या फोर्कमध्ये २८ चे बसतील का?