ऑनलाइन कायदा अभ्यासक्रमाचा अभिप्राय नावासह घ्यावा की निनावी?

शरणपूर रोड (धागाकर्ता)

वकिली सांभाळून गेली दोन वर्षे मी नाशिकच्या एका संस्थेच्या ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रमात शिकवतो. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो की, हा पदवीचा अभ्यासक्रम नव्हे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार दूरशिक्षणाने घेतलेल्या एलएल.बी.वर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. आमचा अभ्यासक्रम बारा आठवड्यांचा असून १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांपुरता (न्याय संहिता, फौजदारी प्रक्रियेची नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम) आहे. कनिष्ठ वकील, कायद्याचे विद्यार्थी आणि काही पोलीस कर्मचारी तो घेतात.

मागच्या तुकडीत ६४ जण होते आणि शेवटी पाठवलेला अभिप्रायाचा अर्ज त्यांपैकी १९ जणांनी भरला. बहुतेकांनी पाच तारे आणि ‘छान’ एवढेच दिले, तर एकाने माझ्या आवाजाची तुलना सीबीएसवरच्या (नाशिकच्या बसस्थानकावरच्या) बसच्या उद्घोषणेशी केली. (तुलना अगदीच चुकीची नाही, असे घरच्यांचे मत पडले.) अशा अभिप्रायातून शिकवणाऱ्याने नेमके काय सुधारायचे?

म्हणून माझा प्रस्ताव असा की, अभिप्राय चौथ्या आठवड्यानंतर, नावासह आणि सक्तीने घ्यावा; अर्ज भरल्याशिवाय पाचव्या आठवड्याची व्याख्याने उघडू नयेत. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही त्याच्या सरतपासणीला, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेल्या साक्षीला, आपण किती वजन देतो, हे इथल्या मंडळींना सांगायला नको. ‘वेगाने बोलता’ असे कोणी म्हणाले, तर कोणत्या भागात, हे मला त्याला विचारता आले पाहिजे.

घाटमाथा

सर, मी सुरगाण्याहून असाच एक अभ्यासक्रम केला आहे आणि चौथ्या आठवड्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. शेवटी घेतलेला अभिप्राय म्हणजे दुखणे आमचे आणि औषध पुढच्या तुकडीला. मात्र नावाच्या सक्तीला माझा ठाम विरोध आहे.

साक्षीदाराची उपमा तुम्ही दिलीत, पण साक्षीदाराचे गुण आरोपीच्या हातात नसतात. आमचे असतात. शिवाय नाशिकचे वकिलीचे वर्तुळ लहान आहे. आज ज्या सरांबद्दल लिहायचे, उद्या त्यांच्याच कार्यालयात कनिष्ठ म्हणून काम मागायला जावे लागते. साक्षीदाराला धोका असेल तर त्याची ओळख झाकता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेतच आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने अशी योजना करणे राज्यांवर बंधनकारक केले आहे. हे तुम्हीच आम्हाला शिकवता.

तपासनीस

दोघांचाही मुद्दा मला गौण वाटतो. आपल्याला काय समजले नाही हे विद्यार्थ्याला कळत असते, हे गृहीतच चुकीचे आहे. मी एका अशाच अभ्यासक्रमाच्या उत्तरपत्रिका तपासतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. नव्या संहितेत ते कलम ५२८ झाले आणि ४८२ हे कलम अटकपूर्व जामिनाचे झाले, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. हा बदल शिकवणाऱ्या व्याख्यानाला भरभरून तारे मिळाले होते आणि परीक्षेत निम्म्यांनी नेमके हेच उलटसुलट लिहिले. म्हणून तारे मोजणे सोडावे आणि उत्तरपत्रिका वाचाव्यात. ध्वनिमुद्रण कोणत्या मिनिटाला थांबवून विद्यार्थी मागे जातात, हेही संगणक सांगतोच. ज्यांना खरोखर शिकायचे आहे त्यांचा अभिप्राय तिथे आधीच नोंदलेला असतो.

मोसम काठ

मालेगावहून एक आक्षेप नोंदवतो. व्याख्याने अडवून भरून घेतलेला अर्ज हा अभिप्राय नसून जकात आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमती मुक्त आणि बिनशर्त असावी असे म्हटले आहे. तो कायदा इथे लागू पडतो की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी तत्त्व कायदा शिकवणाऱ्यांनी पाळायला हरकत नसावी. तपासनीस सुचवतात ती मिनिटांची नोंदही विद्यार्थ्यांना सांगूनच व्हायला हवी.

घाटमाथा

तपासनीससाहेब, उत्तरपत्रिकेवरून मी चुकले हे कळते, का चुकले हे कळत नाही. तुम्ही सांगितलेली चूक मीही केली होती. आमच्या सरांनी डावीकडे जुने कलम आणि उजवीकडे नवे, असा तक्ता पडद्यावर ठेवला होता. माझ्याकडे संगणक नाही, आणि मोबाइलवर त्या तक्त्याची उजवी बाजू कापली जात होती. रेंज गेली की चित्र थांबायचे आणि फक्त आवाज यायचा. सर ‘इथे बघा, हे असे बदलले’ म्हणत पुढे जायचे. आकडा तोंडाने उच्चारला असता तर मी तो वहीत उतरवला असता. हे कोणत्या उत्तरपत्रिकेत दिसणार? आणि मी पाच तारे का दिले, तर अर्जात ‘व्याख्यान समाधानकारक होते का’ एवढेच विचारले होते. सर मनापासून शिकवत होते, मग नाही कसे म्हणायचे?

शरणपूर रोड

ताई, तक्त्याचे हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. माझाही तक्ता तसाच आहे. सक्ती मी मागे घेतो. जकात हा शब्द लागला, पण बरोबर आहे.

नावाबाबत मात्र माझे मत कायम आहे, आणि कारण तुमच्याच उत्तरात आहे. हे तुम्ही निनावी अर्जात लिहिले असते, तरी तुकडीत सुरगाण्याच्या तुम्ही एकट्याच असाल तर मी तुम्हाला ओळखलेच असते. उपयोगी अभिप्राय तपशिलाने भरलेला असतो आणि तपशील नाव सांगून टाकतो. मग निनावीपणाचा देखावा कशाला?

घाटमाथा

ओळखू येणे वेगळे आणि नाव लिहायला लावणे वेगळे. किती उघडे व्हायचे हे लिहिणाऱ्याने ठरवावे. नावाचा रकाना ऐच्छिक ठेवा. ज्याला तुमच्याशी बोलायचे आहे तो लिहील.

तपासनीस

ऐच्छिक ठेवलात तर नाव फक्त स्तुती करणारेच लिहितील. पाहा करून.

शरणपूर रोड

पुढची तुकडी सुरू होते आहे, तेव्हा करूनच पाहतो. रकाना ऐच्छिक, अर्ज चौथ्या आठवड्यात आणि तारे नाहीत. एकच प्रश्न ठेवतो: ‘इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा भाग अधिक सोपा करून शिकवायला हवा होता, असे तुम्हाला वाटते का?’

मोसम काठ

वकीलसाहेब, हा सूचक, म्हणजे उत्तर तोंडात घालणारा, प्रश्न झाला. साक्ष अधिनियमाच्या कलम १४६ खाली माझी हरकत नोंदवावी.

शरणपूर रोड

हरकत मान्य. सुधारून: ‘साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र उद्या तुम्हाला भरायला दिले, तर भाग अ आणि भाग ब यांपैकी कोणत्या रकान्यापाशी तुमचे पेन थांबेल?’

घाटमाथा

भाग ब, हॅश व्हॅल्यूचा (फाइलच्या अंकी ठशाचा) रकाना. नाव लिहायची गरज आहे का, सर?