मदत हवी आहे: डब्ल्यूडब्ल्यूईचा कुस्तीपटू जॉन सीना याच्या खलनायकीचे नेमके कोणते भाग बघू?

मंडळी, मी सांगलीचा. 1 एप्रिल 2025 ला डब्ल्यूडब्ल्यूई (अमेरिकन कुस्तीचे कार्यक्रम) सोनीवरून नेटफ्लिक्सवर गेलं आणि माझं बघणं तुटलं. आता घरी नेटफ्लिक्स आलंय.

टोरांटोत सीनानं कुस्तीपटू कोडी रोड्सला मिठी मारून खालून फटका घातला, तो प्रसंग पाहिलाय. रेसलमेनिया 41 आणि समरस्लॅम हे मोठे कार्यक्रमही पाहिले. मधलं काही जुळत नाही. रॉकनं (ड्वेन जॉन्सन) हे भांडण एवढं पेटवलं आणि रेसलमेनियाला फिरकलाच नाही, तिथं आला रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट! माझ्या मते बुकिंग, म्हणजे कथेची आखणी, तिथंच फसलं. पण मधल्या भाषणांत काही खुलासा असेल तर तो मला ऐकायचाय. यूट्यूबवरच्या तुकड्यांत मारामारी आहे, माईकवरचं बोलणं छाटलेलं.

सोबत बाबा बघतात. ते तालमीतले, डाव लगेच ओळखतात, पण इंग्रजी कळत नाही; म्हणून हिंदी समालोचन हवंच. शेवट माहीत आहे, कुस्तीपटू गुंथरच्या स्लीपरमध्ये (गळ्याच्या पकडीत) सीना हसला आणि हात थोपटून हार मानली, त्यामुळे निकाल बिनधास्त लिहा. सगळे भाग बघायला वेळ मात्र नाही.

तर एप्रिल ते ऑगस्ट 2025 मधले स्मॅकडाऊन आणि रॉ या साप्ताहिक कार्यक्रमांचे कोणते भाग बघावेत, तारखेसकट सांगाल का? आणि त्या जुन्या भागांना हिंदी आवाज मिळतो का?