शब्दचर्चा : 'मानसांतर' आणि पश्चात्ताप

प्रश्न (खानापूर) : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत उपासना होते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या, दिवसांत वाचावयाची एक छोटी कन्नड पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले असून तीत 'मानसांतर' (मन पालटणे) हा शब्द पानोपानी येतो. पाळकसाहेबांचे म्हणणे असे की मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'पश्चात्ताप' आहे, तेव्हा तोच घालावा. मला तो अपुरा वाटतो, पण का, हे नीट सांगता येत नाही. दुसरे असे की, नव्याने जन्मण्याविषयीच्या प्रकरणाला 'पुनर्जन्म' हे शीर्षक चालेल का?

उत्तर (बेळगाव) : दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. 'पुनर्जन्म' घालू नये. मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर मृत्यू, कर्मफळ आणि दुसरा देह हे सारे येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेम या यहूदी पुढाऱ्याला जे सांगतो, ते याच देहात आणि याच आयुष्यात घडावयाचे आहे. मूळ ग्रीक 'अनोथेन' या शब्दाचे 'पुन्हा' आणि 'वरून' असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम त्यातला पहिला धरतो आणि म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात पुन्हा कसे शिरावे, असे विचारतो. 'पुनर्जन्म' म्हटले की आपणही निकदेमाच्याच बाजूला जाऊन बसतो. 'नवा जन्म' हा मंडळीत रुळलेला शब्द पुरेसा आहे. 'वरून' ही छटा त्यात येत नाही, ती पहिल्याच परिच्छेदात एका वाक्याने सांगावी.

'पश्चात्ताप' अपुरा का वाटतो, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे जळणे. कृत्य घडून गेल्यावर मनाला जे पोळते ते या शब्दात नेमके आले आहे, परंतु पोळल्यावर माणूस कोठे जातो याविषयी तो गप्प आहे. ग्रीक 'मेतानोइया'मध्ये मन पालटणे आहे, आणि इब्री संदेष्टे वारंवार वापरतात त्या 'शूव' या क्रियापदाचा अर्थ तर सरळ 'मागे फिरणे' असा आहे. आपल्याकडच्या जुन्या कन्नड शास्त्रात योहान बाप्तिस्मा करणाऱ्याची हाक 'देवर कडेगे तिरुगिकोळ्ळिरि', म्हणजे 'देवाकडे वळा', अशी आहे. तीत पोळण्याचा उल्लेखच नाही, सारा भर दिशेवर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योत त्याबद्दल मिळालेली चांदीची नाणी परत नेतो, तेथे ग्रीकमध्ये 'मेतानोइया'च्या कुळातले क्रियापद नसून निराळेच क्रियापद आहे. त्याला जळणे घडले, वळणे घडले नाही, आणि मराठीत एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर हा भेद पुसला जातो.

निपाणी : मग 'अनुताप' का नको? 'अनुतापे दोष । जाय न लगता निमिष' असे तुकोबांनी म्हटलेच आहे. वारकऱ्यांच्या या मुलखात तो शब्द कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

बेळगाव : शब्द सुंदर आहे आणि रेव्हरंड टिळकांच्या अभंगांवर वाढलेल्या ख्रिस्ती वाचकाला तो परकाही नाही. मात्र त्यातही तापच आहे, तेव्हा मूळ अडचण सुटत नाही. तुकोबांच्या वचनात अनुतापाने दोष जातो; ख्रिस्ती शिकवणीत दोष जातो तो ख्रिस्ताच्या बलिदानाने, आणि पश्चात्ताप करणारा ते बलिदान विश्वासाने स्वीकारतो. याच कारणासाठी 'प्रायश्चित्त' हा शब्दही जपून वापरावा. मराठी शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रात तो ख्रिस्ताला लावलेला आहे, माणसाने स्वतः भोगावयाच्या शिक्षेला नव्हे. आपल्या भागातील कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत पापांची कबुली देण्याला 'कुमसार' म्हणतात, पण तो विधीचा शब्द आहे, त्याची येथे गरज नाही.

अथणी : चर्चा पश्चात्तापावर आहे, पण पुस्तिकेत खरा घोळ 'पाप' या शब्दाचा होईल. आमच्याकडे कन्नडमध्ये कोणी पडले, कोणाचे पीक गेले, की 'पाप!' म्हणून हळहळतात. तेथे त्याचा अर्थ 'बिचारा' एवढाच असतो. मराठीत 'पाप' म्हटले की लगेच समोर 'पुण्य' उभे राहते, आणि एकाची वजाबाकी दुसऱ्यातून करता येईल असे वाटू लागते.

बेळगाव : हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. इब्री 'खाता' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'नेम चुकणे' असा आहे. जुन्या करारातील शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात केसावरही गोफणीचा नेम न चुकणाऱ्या बन्यामिनी वीरांचे वर्णन आहे, तेथे तेच क्रियापद येते. नेम चुकला तर पुण्याची जमा दाखवून तो भरून निघत नाही. म्हणून पुस्तिकेत 'पापपुण्य' हा जोडशब्द टाळावा आणि पापासमोर 'कृपा' ठेवावी, पौलाने रोमकरांस लिहिताना ठेवली आहे तशी.

आता 'मानसांतर'. रूपांतर, भाषांतर, स्थलांतर यांच्या ओळीत तो मराठीतही सहज बसेल असे वाटते, पण मराठी कानाला 'अंतर' म्हटले की दुरावाही ऐकू येतो. दोन भावांच्या मनांत अंतर पडले, असे आपण म्हणतो; त्यामुळे 'मानसांतर' वाचून कोणी बेबनाव समजला तर त्याला दोष देता येणार नाही. 'मनःपरिवर्तन' अर्थाने जवळ आहे, मात्र अलीकडे निवडणुकीतल्या भाषणांनी त्याची धार बोथट केली आहे.

माझे मत असे की 'पश्चात्ताप' ठेवावा. याच बेळगावात 1831 साली जन्मलेल्या आणि 1854 साली येथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या काळापासून मराठी ख्रिस्ती लेखनाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या शब्दांत प्रार्थना केली, त्यांतला हा एक आहे. एका पुस्तिकेसाठी तो बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. परंतु जेथे जेथे कन्नडमध्ये 'मानसांतर' क्रियापदासारखे आले आहे, तेथे 'पश्चात्ताप करून देवाकडे वळा' अशी जोड द्यावी.

खानापूर : जोड पटली. 'वळा' की 'फिरा'?

बेळगाव : 'वळा'. 'फिरा' म्हटले तर आपल्याकडचा माणूस बाजारात फिरायला सांगितले असे समजेल. 'मागे फिरा' असे पूर्ण लिहिणार असाल तर तेही चालेल.